पाय-रॅड्स ४ म्हणजे कॅन्सर ठरला का?

प्रश्न : माझे वडील, अण्णा, ६९ वर्षांचे आहेत. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावं लागतं म्हणून आमच्या गावच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी ‘प्रोस्टेट वाढलंय’ असं सांगून ड्युटास्टेराइड आणि टॅम्सुलोसिनची एकत्र गोळी सुरू केली. यंदा पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) ७.८ आला. पुण्यातल्या युरोलॉजिस्टनी प्रोस्टेटचा एमआरआय करायला लावला. रिपोर्टमध्ये ग्रंथी ६२ सीसी, मधल्या भागात बीपीएचच्या (वयाबरोबर वाढणाऱ्या, कॅन्सर नसलेल्या) पुष्कळ गाठी आणि डावीकडे पेरिफेरल झोनमध्ये ११ मिलिमीटरचा डाग, एडीसी ०.७२, पाय-रॅड्स ४ असं लिहिलंय. आता बायोप्सी सांगितली आहे. एवढं महागडं मशीन असून कॅन्सर आहे की साधी गाठ, हे त्यात कळत नाही का? काका म्हणतात, सुई लागली की कॅन्सर पसरतो. मुंबईच्या एका ओळखीच्यांचं म्हणणं, ‘स्पेक्ट्रोस्कोपीवाला आधुनिक एमआरआय करा, बायोप्सी टळेल.’ अण्णा म्हणतात, दुखत तर काहीच नाही, सहा महिने थांबू. त्यांना मधुमेह आहे, हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू आहे आणि तरुणपणी त्यांनी टीबीचा पूर्ण कोर्स घेतलेला आहे. आम्ही काय करावं?
— एक मुलगी, कराड

उत्तर :

ताई, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देते. पाय-रॅड्स म्हणजे एमआरआयवर कॅन्सरची शंका किती, हे सांगणारा १ ते ५ असा दर्जा. ४ म्हणजे कॅन्सर ठरला असं नाही, पण तो सहा महिने बाजूला ठेवण्यासारखा आकडाही नाही. अण्णांची बायोप्सी करून घ्या. ती कशी करायची, आधी कुणाला काय सांगायचं, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. मी रेडिओलॉजिस्ट आहे, रोज याच चित्रांसमोर बसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्या आहेत. मला त्याच सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात.

पहिली म्हणजे ड्युटास्टेराइड. हे औषध सहा महिने घेतलं की रक्तातला पीएसए साधारण निम्म्यावर येतो. औषध चालू असताना आलेला आकडा दुप्पट करून वाचायचा असतो. म्हणजे अण्णांचा ७.८ हा खरं तर पंधराच्या आसपासचा धरायला हवा. आता हिशेब बघा. पीएसएला ग्रंथीच्या आकाराने भागलं की जो आकडा येतो त्याला पीएसए डेन्सिटी म्हणतात आणि ०.१५ च्या वर गेला की डॉक्टर सावध होतात. ७.८ भागिले ६२ केलं तर ०.१३ येतात, म्हणजे वरवर बरं दिसतं. दुप्पट करून भागलं तर ०.२५ येतात. या औषधाने ग्रंथीही थोडी आक्रसते, त्यामुळे हा आकडा अगदी काटेकोर नाही, पण कल कुठे आहे ते उघड आहे. गोळी गावच्या डॉक्टरांनी दिलेली आणि एमआरआय पुण्यात झालेला, म्हणून विचारते : पुण्याच्या डॉक्टरांना या गोळीचं नाव सांगितलं होतं का? ‘लघवीची गोळी चालू आहे’ एवढंच सांगितलं असेल तर आजच फोन करून नाव सांगा. आमच्याकडे एमआरआयसाठी येणाऱ्या चिठ्ठीवर बहुतेकदा ‘पीएसए वाढलेला’ एवढंच असतं, औषधांची यादी क्वचितच असते.

आणखी एक काम करा. घरात कपाटात जुनी फाइल असेल, तीत गोळी सुरू होण्याआधीचा पीएसए शोधा. समजा तेव्हा तो सहा होता, तर आज तो तीनच्या आसपास असायला हवा होता. त्याऐवजी तो वाढून ७.८ झाला असेल, तर ही माहिती एमआरआयच्या रिपोर्टइतकीच बोलकी आहे. गोळी मात्र तुमच्या मनाने बंद करू नका. लघवी अचानक अडली तर वेगळाच प्रसंग ओढवेल.

दुसरी गोष्ट टीबीची. तिच्याकडे पुढे येते, कारण त्यासाठी आधी एमआरआय नेमकं काय बघतो ते सांगायला हवं.

प्रोस्टेटचे ढोबळमानाने दोन भाग लक्षात ठेवा. लघवीच्या नळीभोवतीचा मधला भाग म्हणजे ट्रान्झिशन झोन. वयाबरोबर वाढतो तो हाच, बीपीएचच्या गाठी इथेच होतात आणि अण्णांचं रात्रीचं उठणं बहुधा यानेच आहे. त्याच्या मागून आणि बाजूंनी वेढलेला बाहेरचा पट्टा म्हणजे पेरिफेरल झोन. प्रोस्टेटचे साधारण ७० टक्के कॅन्सर या पट्ट्यात सुरू होतात. अण्णांचा ११ मिलिमीटरचा डाग इथला आहे. म्हणजे वाढलेलं प्रोस्टेट आणि हा डाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘प्रोस्टेट वाढलंय म्हणून रिपोर्टमध्ये असं आलं असेल’ अशी समजूत काढून घेऊ नका.

तुमच्या रिपोर्टमागे एमआरआयच्या तीन तऱ्हेच्या चित्रमालिका आहेत. पहिल्या मालिकेला टी-टू म्हणतात. निरोगी पेरिफेरल झोनमध्ये बारीक ग्रंथींच्या पोकळ्या द्रवाने भरलेल्या असतात, तो द्रव या चित्रात पांढरा दिसतो. कॅन्सरच्या पेशी या पोकळ्या बुजवून दाटीने वाढतात आणि तिथे काळा डाग दिसतो. अडचण अशी, की जुनी सूज, व्रण, औषधाने आक्रसलेला भाग, आधीच्या बायोप्सीचं साकळलेलं रक्त, हे सगळंही तितकंच काळं दिसू शकतं.

म्हणून दुसरी मालिका, डिफ्यूजनची. पेशींच्या आसपासचं पाणी किती मोकळेपणाने हलतं हे ती मोजते. पंढरपूरच्या वाळवंटात एरवी माणूस कुठेही भटकतो, पण आषाढीच्या गर्दीत त्याला पाऊल टाकायला जागा नसते. पेशींची दाटी झाली की पाण्याच्या रेणूंचं तसंच होतं. हे अडखळणं आकड्यात मांडलं की त्याला एडीसी म्हणतात. आकडा जितका कमी, तितकं पाणी अडकलेलं. निरोगी पेरिफेरल झोनमध्ये तो साधारण दीडच्या आसपास किंवा त्याहून वर असतो. अण्णांचा ०.७२ आहे. हा आकडा शंकेचाच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पण या आकड्याला चिकटूनही बसू नका. तुम्ही तो इंटरनेटवर टाकून पाहिला असणार, सगळेच पाहतात. एडीसी हा हिमोग्लोबिनसारखा ठाम आकडा नाही. मशीन कुठल्या कंपनीचं, चुंबक दीड टेस्लाचं की तीनचं, चित्रं कोणत्या सेटिंगवर घेतली, डॉक्टरांनी मोजमापाचं वर्तुळ डागात कुठे ठेवलं, यावर तो बदलतो. तपासणीच्या वेळी गुदाशयात गॅस साठलेला असला, तरी लगतच्या पेरिफेरल झोनची डिफ्यूजन चित्रं वाकडीतिकडी येतात. शिवाय साध्या आणि कॅन्सरच्या पेशींचे आकडे एकमेकांच्या हद्दीत शिरतात. बीपीएचच्या काही गाठींमध्ये ग्रंथींपेक्षा स्नायू आणि तंतूच जास्त असतात. त्या टी-टूवर काळ्या दिसतात आणि त्यांचा एडीसीही कमी येतो.

मग मधल्या भागात आम्ही काय पाहतो? गाठीची कड. बीपीएचच्या गाठीभोवती बहुधा पूर्ण, रेखीव आवरण असतं आणि आत पांढऱ्या-काळ्याची सरमिसळ असते. कॅन्सरला तसं आवरण नसतं. तो पसरट, कडा विरलेला, एकसारखा काळसर असतो. त्यामुळे पाय-रॅड्सच्या नियमात मधल्या भागात टी-टूला पहिला मान आहे आणि बाहेरच्या पट्ट्यात डिफ्यूजनला. अण्णांचा डाग पट्ट्यात आहे, त्याला ४ मिळाले ते मुख्यतः डिफ्यूजनवरून. तोच डाग दीड सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा असता तर त्याला ५ मिळाले असते.

तिसरी मालिका गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन काढतात. कॅन्सरच्या भागात रक्त लवकर पोहोचतं, तो भाग चटकन उजळतो. पण बीपीएचच्या गाठी आणि सूज आलेला भागही तसाच उजळतो, म्हणून हिचा उपयोग पूरक. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राइम नावाच्या चाचणीत ४९० पुरुषांची चित्रं इंजेक्शनसह आणि इंजेक्शनशिवाय वाचली गेली. महत्त्वाचे, म्हणजे उपचार लागण्याजोगे कॅन्सर दोन्ही प्रकारे जवळपास सारखेच, सुमारे २९ टक्के पुरुषांत सापडले. चित्रं चांगल्या दर्जाची हवीत, ही अट मात्र त्यात आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न : मशीनला कळत कसं नाही? याचं उत्तर २०१७ च्या प्रॉमिस चाचणीत सापडतं. ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांचा आधी एमआरआय केला आणि मग प्रत्येकाच्या संपूर्ण प्रोस्टेटमध्ये दर पाच मिलिमीटरवर सुई घालून खरं काय ते तपासलं. एमआरआयने दखल घेण्याजोग्या कॅन्सरपैकी ९३ टक्के पकडले, तर सोनोग्राफीवर अंदाजाने घेतलेल्या जुन्या पद्धतीच्या बायोप्सीने जेमतेम ४८ टक्के. इथवर एमआरआयचं कौतुक. पण ज्यांना तसा कॅन्सर नव्हताच, त्यांच्यातल्या फक्त ४१ टक्क्यांना एमआरआयने ‘काही नाही’ म्हटलं. उरलेल्या निम्म्याहून जास्त पुरुषांत त्याने शंका घेतली आणि ती खोटी निघाली. थोडक्यात, एमआरआय निर्धोक म्हणतो तेव्हा बऱ्यापैकी विसंबता येतं. तो शंका घेतो तेव्हा पेशी तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पाय-रॅड्स ३ असलेल्या पुरुषांपैकी पाचात एकाला किंवा त्याहून कमी जणांना उपचार लागण्याजोगा कॅन्सर निघतो, ४ मध्ये साधारण निम्म्यांना, ५ मध्ये दहापैकी आठांना किंवा जास्त. अण्णा आज या निम्म्या-निम्म्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांचा खरा पीएसए लक्षात घेतला तर माझा कल शंकेकडे थोडा जास्त झुकतो, हेही सांगून टाकते.

आता टीबी. एमआरआयवर कॅन्सरची हुबेहूब नक्कल करणारा एक आजार म्हणजे ग्रॅन्युलोमॅटस प्रोस्टेटायटिस, प्रोस्टेटची एक प्रकारची जुनाट सूज. तिच्या कारणांत टीबी आहे. टी-टूवर काळी, एडीसी कमी, इंजेक्शन दिलं की उजळणारी. अशा डागाला पाय-रॅड्स ४ किंवा ५ देण्यावाचून गत्यंतर नसतं, कितीही अनुभवी डॉक्टर असो. आपल्याकडे टीबी इतका असताना हा विचार करायलाच हवा. अण्णांना टीबी होऊन वर्षं लोटली आहेत, कोर्सही पूर्ण झालाय, त्यामुळे हेच कारण असेल असं मी म्हणत नाही. पण बायोप्सीच्या आधी युरोलॉजिस्टना हे स्पष्ट सांगा आणि एक गोष्ट विचारा : ‘एखादा तुकडा टीबीच्या तपासणीसाठी वेगळा ठेवायचा का?’ हे आधी विचारायचं कारण साधं आहे. बायोप्सीचे तुकडे नेहमी फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकतात. सगळेच त्यात गेले की मग टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, करता येत नाही. कल्चरसाठी तुकडा सलाइनमध्ये ठेवावा लागतो, आणि ती बाटली टेबलावर आधीच तयार असावी लागते.

म्हणजे बघा, गोळीमुळे पीएसए आहे त्याहून बरा दिसतो आणि टीबीमुळे एमआरआय आहे त्याहून वाईट दिसू शकतो. दोन्ही बाजूंची ही ओढाताण कुठलंही मशीन सोडवू शकत नाही. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जावाच लागेल.

स्पेक्ट्रोस्कोपीचं काय? कल्पना सुंदर आहे. निरोगी प्रोस्टेटमध्ये सायट्रेट भरपूर असतं. कॅन्सरमध्ये ते घटतं आणि कोलीन वाढतं, आणि हे सुई न लावता मोजता येतं. मोठी आशा होती. पण अमेरिकेत अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साध्या एमआरआयला स्पेक्ट्रोस्कोपी जोडून डागाची जागा ओळखण्यात काही भर पडली नाही. वेळ जास्त लागतो, तंत्र नाजूक आहे, सूज आली तरी कोलीन वाढतं. आजच्या पाय-रॅड्समध्ये तिला स्थान नाही. तुमच्या ओळखीच्यांनी चांगल्या मनाने सुचवलंय, पण या खर्चाने अण्णांची बायोप्सी टळणार नाही. लंडनमध्ये व्हर्डिक्ट नावाची पद्धत विकसित होते आहे. पाण्याच्या हालचालीवरून पेशींच्या आतलं, बाहेरचं आणि रक्तवाहिन्यांतलं पाणी ती वेगळं काढते, आणि खोट्या शंका कमी होतील अशी तिच्याकडून खरीच अपेक्षा आहे. पण ती अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. एआयचंही तसंच. २०२४ च्या पाय-काय अभ्यासात एआयने ४०० तपासण्यांवर ६२ रेडिओलॉजिस्टांच्या सरासरीपेक्षा सरस कामगिरी केली. मला त्याचं कौतुक आहे, मदतनीस म्हणून मला ते हवंही आहे. पण तेही ‘शंका किती’ एवढंच सांगतं. पेशीचं निदान त्याच्याही हातात नाही.

पैसे खर्चायचेच असतील तर दुसरा एमआरआय करू नका, आहे तोच एमआरआय दुसऱ्या अनुभवी डोळ्यांकडून वाचून घ्या. प्रोस्टेटच्या चित्रांत दोन रेडिओलॉजिस्टांचं मत जुळत नाही असं पुष्कळदा होतं, ३ आणि ४ च्या सीमेवर तर हमखास. त्यासाठी फिल्म चालत नाही. सेंटरवर जाऊन मूळ चित्रांची सीडी किंवा लिंक मागून घ्या, ती तुमची हक्काची आहे. आणि हे वाचन बायोप्सीच्या आधी होऊ द्या, कारण डाग नेमका कुठे आहे यावरच सुई कुठे घालायची ते ठरणार.

काकांच्या भीतीबद्दल. सुईच्या वाटेने प्रोस्टेटचा कॅन्सर पसरल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत, पण ती अत्यंत विरळ आहेत. त्या भीतीने निदान टाळणं म्हणजे खरा धोका अंगावर घेणं. बायोप्सीचा खरा धोका जंतुसंसर्गाचा आहे आणि मधुमेह्याला तो जास्त. गुदाशयातून सुई घातली तर तिथले जंतू प्रोस्टेटमध्ये जाऊ शकतात. अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून सुई घालायची पद्धत आहे, तिला ट्रान्सपेरिनियल म्हणतात. तीत हा धोका बराच कमी होतो. अण्णांसाठी तुम्ही तीच मागा, असं मी आग्रहाने सांगेन. आधीच्या आठवड्यांत साखर आटोक्यात ठेवा. अ‍ॅस्पिरिन हृदयासाठी आहे, ते थांबवायचं की चालू ठेवायचं हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

सुई नेम धरून जायला हवी, हाही मुद्दा आहे. एमआरआयची चित्रं सोनोग्राफीवर बसवून केलेल्या बायोप्सीला फ्यूजन म्हणतात. पुण्या-मुंबईत ती होते. २०१८ च्या प्रिसिजन चाचणीत ५०० पुरुषांचे दोन गट केले होते. एमआरआयच्या आधाराने चाललेल्या गटात महत्त्वाचे कॅन्सर ३८ टक्के जणांत सापडले, जुन्या पद्धतीच्या गटात २६ टक्के. आणि ज्यांच्यामुळे जिवाला धोका नाही असे किरकोळ कॅन्सर उलट कमी सापडले, २२ टक्क्यांऐवजी ९ टक्के. अण्णांसारख्या पहिल्याच बायोप्सीत डागातले तुकडे घेतातच, त्याशिवाय बाकीच्या ग्रंथीतूनही ठरलेल्या जागांचे घेतात. ‘फक्त डागातून घ्या’ असा हट्ट धरू नका.

अण्णांशी बोलताना एक गोष्ट त्यांना नीट समजावून सांगा, कारण माझ्या अनुभवात सहा महिने थांबू म्हणणाऱ्या माणसाच्या मनात बहुतेकदा ऑपरेशनची भीती असते. ‘दुखत नाही’ याला या आजारात काही किंमत नाही, सुरुवातीचा कॅन्सर दुखतच नाही. पण कॅन्सर निघाला म्हणजे लगेच ऑपरेशन, असंही नाही. पॅथॉलॉजिस्ट पेशींना ग्लीसन नावाचा दर्जा देतात. तो ३+३, म्हणजे सगळ्यात खालचा आला तर बहुतेक वेळा ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि लागली तर बायोप्सी करत नुसतं लक्ष ठेवतात. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट चाचणीत प्रोस्टेटपुरता मर्यादित कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांना वाटून दिलं होतं : काहींना ऑपरेशन, काहींना रेडिएशन, काहींवर फक्त देखरेख. १५ वर्षांनंतर तिन्ही गटांत मिळून या कॅन्सरने गेलेले १०० मागे तीनहून कमी होते, आणि गटागटांत मोठा फरक नव्हता. देखरेखीच्या गटात आजार पुढे सरकण्याचं प्रमाण जास्त होतं, म्हणून देखरेख म्हणजे विसरून जाणं नाही. दर्जा वरचा आला तर उपचार लागतील. अण्णांच्या वयाला आणि तब्येतीला झेपतील असे पर्याय त्यातही आहेत.

रिपोर्ट ‘कॅन्सर नाही’ असा आला तरी एक प्रश्न विचारायचा राहतो : तुकड्यांत डागाचं कारण दिसलं का? सूज, ग्रॅन्युलोमा, व्रण, असं काही नेमकं लिहिलं असेल तर चित्राचा आणि पेशींचा मेळ बसला. नुसतं ‘सामान्य पेशी’ असेल तर सुई डागात पोहोचलीच नाही, ही शक्यता उरते, आणि मग युरोलॉजिस्ट व रेडिओलॉजिस्टनी एकत्र बसून पुन्हा पाहायला हवं. कॅन्सर आला आणि दर्जाबद्दल शंका असेल, तर काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे मागून घेऊन टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी पुन्हा वाचून घेता येतात.

बायोप्सीनंतर काही दिवस लघवीत आणि काही आठवडे वीर्यात रक्त दिसेल, त्याने घाबरू नका. पण थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट पाहायची नाही, पॅरासिटामॉल देऊन झोपवायचं नाही, त्याच रात्री रुग्णालय गाठायचं. पुण्याला जाऊन-येऊन एका दिवसात आटपायचा बेत असेल, तर कराडात रात्री कुठल्या रुग्णालयात जायचं ते निघण्याआधीच ठरवून ठेवा आणि युरोलॉजिस्टचा नंबर ज्याच्याकडे गाडी आहे त्यालाही देऊन ठेवा.